चादरीचा मोकळा कोपरा

अंथरलेल्या चादरीवरून मावशी तळहात फिरवायच्या आणि स्वतःशीच म्हणायच्या, "हितं कुनीतरी डोकं टेकनार हाय." लोणावळ्यातल्या आमच्या हॉटेलात त्या खोल्या आवरायला जवळच्या कुरवंडे गावाहून यायच्या, मी रिसेप्शनला. तुम्ही कुठल्या हॉटेलात उतरला असाल तर जिन्यात अंग चोरून उभ्या राहिलेल्या अशा मावशी तुम्हीही पाहिल्या असतील.

चादर त्या गादीखाली इतकी घट्ट खोचायच्या, की पाहुण्याला आत शिरायला झटापट करावी लागे.

पावसाळ्यात शनिवार-रविवारची गर्दी उसळली आणि चादरी वाळेनात. मॅनेजरसाहेबांनी फर्मान काढलं: डाग दिसत नसेल तर तीच चादर ताणायची, वर सुगंधी फवारा मारायचा, कोणी विचारलं तर बदलली म्हणून सांगायचं. सगळ्यांनी मान डोलावली. मावशींनीही. मुलाचं काम सुटलेलं, सून नुकतीच बाळंत झालेली. ही नोकरी जाऊन चालणार नव्हतं.

तेव्हापासून त्यांचं तंत्रच बिघडलं. डबा न उघडताच घरी जायचा. छातीत धडधडतं म्हणून डॉक्टरला दाखवलं, तर त्यांना काही सापडलं नाही. पाहुणा काउंटरकडे आला की त्या जिन्यातच थबकायच्या आणि तो गेल्यावर मला विचारायच्या, "काय म्हनत व्हता गं त्यो?" मग मलाही धडधडायला लागायचं.

तक्रारी येऊ लागल्या, पण सगळ्या एकाच तऱ्हेच्या. चादर एका कोपऱ्यात सुटलीय. मी लगेच धुतलेली चादर वर पाठवायचे. इतक्या नेटक्या बाईच्या हातून कोपरा सुटतोच कसा, हे कळायला मला जरा वेळच लागला. न बदललेल्या चादरीचाच कोपरा त्या मोकळा सोडत होत्या. मला हसू आलं, आणि लगेच भीतीही वाटली. हे साहेबांच्या लक्षात आलं तर?

एक दिवस साहेबांनी सगळ्यांना काउंटरपाशी बोलावलं आणि हे गचाळ काम कोणाचं म्हणून विचारलं. नव्या मुलींवर ढकलणं सोपं होतं. मावशी पुढे आल्या.

"माझंच हाय, साहेब. पन गचाळ न्हाई. चादर बदलली न्हाई, म्हनून कोपरा सोडलाय."

साहेबांनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. जाताना मावशी माझ्यापाशी थांबल्या. "घरात काय सांगू, कळंना," त्या म्हणाल्या. "पन आज झोप लागंल बघ."

आता आमच्याकडे सगळे कोपरे घट्ट खोचलेले असतात. कुठली चादर बदललेली, ते मलाही सांगता येत नाही. किल्ली घेताना पाहुणे विचारतात, खोली स्वच्छ आहे ना? मी हो म्हणते. संध्याकाळी लोकलने कान्हे गावातल्या घरी पोचते, तेव्हा पिशवीतला डबा तसाच भरलेला असतो.