तिरप्या खिळ्यांची पेटी

धुळ्याच्या हीरालालशेठच्या छापखान्यात आधार वीस वर्षं छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवत होता. इंग्रजी एबीसीडी ओळखण्यापुरतंच यायचं, पण अक्षराला अक्षर लावायला तेवढं पुरतं. वस्तीतले बाकी सगळे जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. छापखान्यात बसून काम करणारा तेवढा हाच, त्यामुळे बायको सुगंधाबाई नळावर जरा तोऱ्यातच उभी राहायची. आणि हे जाईल या धाकानं आधार शेठचा खोकला ऐकला तरी दचकायचा.

अडुसष्ट साली शेठनी मुंबईहून इंग्रजी तिरप्या खिळ्यांची पेटी आणली. काय ती अक्षरं! उजवीकडे कललेली, बारीक, कुणी वळणदार हातानं लिहिल्यासारखी. कॉलेजातल्या प्राध्यापकांचं वनस्पतींचं पुस्तक छापायचं होतं. झाडांची शास्त्रीय नावं तिरपीच हवीत, म्हणून त्यांनी त्या नावांखाली रेघा मारून दिल्या होत्या.

"आधार, यातला एक खिळा जरी वाया गेला, तर जिनिंगचा रस्ता मोकळा आहे," शेठ म्हणाले.

खिळे खणांत लावताना आधारला काहींवर दोन-दोन अक्षरं चिकटलेली दिसली. एफला आय जोडलेला! मराठीत जोडाक्षरं असतात, इंग्रजीत कुठली आली? ओतताना बिघडलेला माल समजून शहाण्यानं ते मोडीच्या डब्यात टाकले. डबा वितळवायला गेलासुद्धा.

महिन्याभरानं बहाव्याचं नाव आलं, कॅशिया फिस्टुला. तिरप्या एफची चोच पुढच्या अक्षरावर झुकलेली असते. ती आयच्या टिंबावर टेकली, आणि छपाई करणाऱ्या कौतिकनं पायानं चालणारं ट्रेडल यंत्र चालवताच तुटली. आधारनं दुसरा एफ लावला, तोही तुटला. तिसरा तुटला तेव्हा त्याला कळलं, चोच टिंबावर आपटू नये म्हणूनच ते जोडखिळे होते.

शेठ धावत आले आणि कौतिकवर तुटून पडले. "हात आहेत का हातोडे? उद्यापासून येऊ नको!"

"मी काहीच नई कयं, शेठजी," कौतिक रडवेला झाला. "रोज देस तेवढाच दाब दिधा."

आधारला नुसतं गप्प बसायचं होतं, कुणाला काही कळणार नव्हतं. खणाची कड धरून तो म्हणाला, "शेठजी, त्याला नका बोलू. चूक माझी आहे." आणि मोडीच्या डब्याचं सगळं सांगून टाकलं.

शेठनी आधारला दाराकडे बोट दाखवलं आणि कौतिकला परत यंत्रावर पाठवलं.

भरदुपारी नवरा दारात पाहून सुगंधाबाई काय ते समजली. खाली मान घालून त्यानं सारं सांगितलं. शेठपेक्षा त्याला हिचीच जास्त भीती वाटत होती.

तिनं विचारलं, "कौतिकनी नोकरी ऱ्हायनी ना?"

"ऱ्हायनी."

"मंग जेवी ल्या."

तो जेवायला बसला. घास तोंडाशी जाईना, तेव्हा सुगंधाबाईनं त्याचं मनगट धरून वर नेलं.