ती खूण माझी होती

हे घरी कुणाला ठाऊक नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? माहीत नाही. लपवून लपवून थकले — एवढंच.

अमरावतीच्या एका लहान कंपनीत मी प्रोग्राम लिहिते, डाळ निवडणाऱ्या यंत्रांचे. मिलमध्ये तूरडाळ वरून घसरत येते, कॅमेरा एकेक दाणा बघतो आणि काळा दिसला की हवेच्या फटक्याने बाजूला उडवतो. सगळं पापणी लवायच्या आत. म्हणून प्रोग्राम चपळ लागतो, आणि मला माझ्या चपळ प्रोग्रामची भारी घमेंड होती.

यंत्र सुरू झालं की दिव्याचा उजेड एकदा मोजायचं आणि पुढे प्रत्येक दाणा त्या आकड्याशी ताडायचं. मग मी काय केलं? त्या आकड्यावर खूण केली — हा एकदाच लिहिला जाईल, नंतर बदलणार नाही. आपलं लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर अशी खूण खरी मानतो, तपासत बसत नाही. आकडा कायमचा धरून चालतो, पुन्हा बघायला जात नाही. वेग वाढला. सरांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. खूण एका कोपऱ्यातल्या फाइलमध्ये राहिली आणि ती कुणाला सांगावी असं मला वाटलंही नाही.

मग नाझनीन आली. अकोल्याची, पहिलीच नोकरी. शनिवारी एसटीने घरी जायची, मला ताई म्हणायची. मिलमध्ये धूळ फार. दुपारपर्यंत कॅमेऱ्यापुढची काच धुरकट होते. मिलवाले यंत्र थांबवून काच पुसत आणि पुन्हा सुरू करत. तिने उजेड अधूनमधून आपोआप पुन्हा मोजला जाईल अशी सोय लिहिली. चांगलं काम होतं. ते तपासायचं माझ्याकडे होतं — मी वरवर चाळलं आणि ठीक आहे म्हटलं. सरांनी अकोल्याच्या मिलला कळवलं, आता यंत्र थांबवू नका.

त्यांनी नाही थांबवलं. संध्याकाळी मालकाचा फोन आला. काच धुरकटत गेली तसा चांगला दाणाही काळपट दिसत गेला, आणि यंत्र ताडत राहिलं सकाळच्याच उजेडाशी. पिवळीधमक डाळ पोत्यांनी कचऱ्यात गेली होती.

सर तडक नाझनीनच्या टेबलाशी गेले. "चांगलं चालून राहिलं होतं. काहून हात लावला तुनं?"

तिने लॅपटॉप पुढे केला. "माह्या लॅपटॉपवर तं बरोबर चालते, सर. पाहा ना तुमी."

खरंच चालत होतं. लॅपटॉपवर चाचणी घेताना आम्ही कंपायलरची वेग वाढवायची सोय बंद ठेवतो. माझी खूण तिथे कामालाच येत नाही. मिलमध्ये येते, आणि तिथे नव्याने मोजलेला आकडा यंत्र बघतच नाही. त्या खोलीत हे एकाच माणसाला कळलं, आणि तिथल्या तिथे कळलं.

काय लागलं असतं बोलायला? सर, खूण माझी आहे — चारच शब्द. लाज वाटत होतीच, पण भीती जास्त होती. मी म्हटलं, "मी बघते."

खूण काढली. एक ओळ. यंत्र सुधारलं. सरांनी विचारलं, काय होतं? आणि मी — इथे हात अडतोय — मी म्हटलं, "घाईत केलं होतं तिनं. मी निस्तरलं." नाझनीनने माझे आभार मानले. पुढच्याच महिन्यात तिला काढून टाकलं.

आता तिचा अकोल्यात कॉम्प्युटर क्लास आहे. मागच्या महिन्यात तिने मला मुलांशी बोलायला बोलावलं. जायला नको होतं ना? गेले. माझी ओळख करून देताना ती मुलांना म्हणाली, "माह्या हातून घाईत लय मोठी चूक झाली होती. या ताईनं सांभाळून घेतलं मले. म्हणून तुमाले सांगून राहिली, दहादा तपासा."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी.

"दर बॅचले सांगतो मी हे," चहा देताना ती हसून म्हणाली.

मी चहा प्यायले. मुलांना तपासून काम करण्यावर चार गोष्टी सांगितल्या. तिने दिलेला गुलाब घेऊन अमरावतीला परत आले.

तिची चूक नव्हती. हे मला तेव्हाही माहीत होतं. पुढच्या बॅचला ती पुन्हा तेच सांगेल.