बुंदीचा एक नंबरचा दुश्मन

भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीत मांजरांचा एक नंबरचा दुश्मन कोण, असं कुणालाही विचारा, हरिदासकाकांचंच नाव सांगतील. काका सिटी बसचे निवृत्त कंडक्टर. आवाज असा, की ते नुसते शिंकले तरी माणसं पुढे सरकतात.

समोरच्या केसरबाईंनी बुंदी नावाची ठिपक्यांची मांजर पाळली आणि काकांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "मांजर म्हंजी घाण की. माझ्या दारात दिसली तर तंगडं मोडीन." बुंदी दारात रोज दिसायची आणि तंगडं शाबूत असायचं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

या उन्हाळ्यात बुंदीच्या कानावरचे केस झडले. पाठोपाठ केसरबाईंच्या नातवंडांच्या हातांवर गोल, लालसर चट्टे उठले. नायटा! गल्लीतल्या आया बिथरल्या. मांजर घालवा म्हणाल्या. घालवायची कुणी? अर्थात दुश्मनानं. रविवारी इथून वेळापूरला टेम्पो जातो, त्यातून पोत्यात घालून न्यायची आणि तिकडंच सोडायची, असं ठरलं. "सोडतो की," काका म्हणाले. इतकी वर्षं ओरडल्यावर दुसरं काय म्हणणार बिचारे?

पहिल्या रविवारी पोतं फाटकं निघालं. पुढच्या रविवारी अमावस्या आडवी आली, आणि तीसुद्धा जन्मात अमावस्या न पाळलेल्या माणसाला. मधल्या काळात काकांची स्वतःची मान खाजायला लागली, तर ते टॉवेलवाल्या मडिवाळप्पांशी भांडून आले. "तुमच्या टावेलाचा रंग कच्चा हाय. मान सोलून निघाली माझी." मडिवाळप्पांनी टॉवेल बादलीत बुडवून, पिळून दाखवला. पाणी स्वच्छ. तरी काका हटले नाहीत.

मग धम्मप्रिया सुट्टीला आली. आमच्याच गल्लीतली पोर, जनावरांची डॉक्टर होऊन माळशिरसला नोकरी करते. केसरबाई तिच्यापुढे रडल्याच. "पोरी, आज नेणार हायत तिला. कायतरी कर." मला भयंकर राग आला होता, गल्लीचाही आणि त्या पोत्याचाही.

धम्मप्रियानं केसरबाईंच्या खोलीची दारं-खिडक्या लावून घेतली आणि एक जांभळा दिवा बुंदीच्या कानाजवळ धरला. झडलेल्या जागेच्या कडेचे केस पोपटी चमकले.

"नायट्याचीच बुरशी आहे. खात्रीसाठी केस तपासायला पाठवते. पण ही बरी होईल. पोटातून औषध, औषधी आंघोळ आणि काही आठवडे वेगळ्या खोलीत ठेवायचं. मुलांना तुमच्या डॉक्टरांकडं न्या."

एवढं बोलून ती वळली. दिवा हातात तसाच. मागे, बुंदीला न्यायला आधीच आत येऊन थांबलेले काका पोतं धरून उभे होते आणि उजेड पडला तो त्यांच्या बनियनवर. छातीपासून हनुवटीपर्यंत चिकटलेले पोपटी केसच केस!

"काका, हे काय?"

"सूत असंल. गल्लीतल्या यंत्रमागाचं."

"सूत असं पोपटी चमकत नाही. मान दाखवा बघू."

टॉवेलनं सोललेली मान चांगली गोल गोल सोलली होती. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथं मांजर टक्क बघत होतं, डोळे मिटले होते काकांनी.

आम्ही पोट धरून हसलो. केसरबाई मात्र हसल्या नाहीत. "दादा, दुपारची ही तुमच्याकडं येत हुती व्हय? मी कुटं कुटं हुडकायची."

काका पोत्याची घडी घालत राहिले. "तुमची वैनी गेल्यापासनं दुपारी घरात कुणी येत न्हाय. ही येती. छातीवर झोपती." कंडक्टरचा आवाज पहिल्यांदाच इतका खाली गेलेला मी ऐकला. मला हसल्याचं वाईट वाटलं.

वेगळी खोली कुणाकडं आहे, हा प्रश्न उरला होता. केसरबाईंच्या एका खोलीत पाच माणसं.

"माझी रिकामीच हाय की," काका म्हणाले.

संध्याकाळी मी मडिवाळप्पांच्या दुकानात उशांचे अभ्रे बघत होते, तेवढ्यात मानेला मलम फासून काका आले.

"दोन टावेल द्या. एक तिला, एक मला. एकच दोघांनी वापरायचा न्हाय, म्हणलीया डॉक्टरीण."

मडिवाळप्पा गालात हसले. "आमचा रंग कच्चा आहे हो."

काकांनी दुकानभर नजर फिरवली आणि बोट दाखवलं. "तिला मागच्याच रंगाचा द्या. त्याच्यावर झोपायची सवय हाय तिला."