बादशहा सर आणि चौथी अट

आमचे इतिहासाचे सर पहिल्या महायुद्धाचा धडा शिकवताना घामाघूम व्हायचे. पुस्तकात तो जेमतेम दोन पानांचा, पण सरांना पंधरवडाही पुरायचा नाही. ऑस्ट्रियाचा म्हातारा बादशहा, त्याचं विरत चाललेलं साम्राज्य, शेजारच्या चिमुकल्या सर्बियावरचा राग, हे सगळं ते इतक्या पोटतिडकीनं सांगत, जणू बादशहा त्यांच्याच घराण्यातला. म्हणून पोरांनी त्यांचं नाव ठेवलं बादशहा सर.

"राज्य खिळखिळं झालं, की राजाला मानापमान फार," ते म्हणत. राजपुत्राचा खून झाला. बर्लिनच्या बादशहानं पाठीवर हात ठेवला. लगेच व्हिएन्नाच्या मुत्सद्द्यांनी सर्बियाला मुद्दाम अशा अटी धाडल्या, की एखादी तरी नाकारली जावीच. सर्बियानं जवळजवळ सगळ्या मानल्या, तरी तोफा सुटल्या. इथे सर टेबलावर खडू आपटायचे. "अरे, अजून काय पाहिजे होतं?" आम्ही कोळ्यांची पोरं तोंडावर हात धरून हसायचो.

सरांची दुसरी खोड म्हणजे शब्दाला शब्द जुळायलाच हवा. कुणी "असं काहीसं" म्हटलं की संपलंच. ते माणगावकडचे, म्हणजे तिऱ्हाईत, आणि खाडीच्या दोन्ही काठांची पोरं त्यांच्याच हाताखालची. त्यामुळे आमचं आणि पलीकडच्या कोळीवाड्याचं काही बिनसलं की निरोप न्यायला सरच. फोनवर बोललेलं आमचे पंच आजही धरत नाहीत. माणूस समोर उभा राहून बोलला, तरच तो निरोप.

एके काळी खाडीच्या तोंडाशी आमच्या पाटलांना विचारल्याशिवाय डोल जाळं पाण्यात बांधायचा खुंट कुणी रोवत नसे. पुढे आमच्या होड्या कमी झाल्या, पलीकडच्यांच्या वाढल्या. माझं शिक्षण संपलं त्या सुमाराला त्यांनी न विचारता आमच्या पाण्यात खुंट ठोकले आणि जाब विचारायला गेलेल्या पाटलांच्या पुतण्याचं डोकं फोडलं. देवळात पंच बसले. खाडीच्या वरच्या अंगाच्या एका मोठ्या गावानं शब्द दिला होता, "तुमी नुसती हाक मारा, आमी हाव." तेवढ्यानं पाटलांना दहा हत्तींचं बळ आलं. त्यांनी चार अटी सांगितल्या. खुंट काढा, देवीपुढे माफी मागा, पुन्हा या पाण्यात येऊ नका. आणि चौथी, मारणारा शोधायला आमची माणसं तुमच्या घराघरांत शिरून झडती घेतील.

सरांचा चेहरा उतरला. "पाटील, ही चौथी नको. ही कुणीच मानणार नाही."

"म्हनूनच घातली," पाटील म्हणाले.

माझा दादा पाटलांच्या होडीवर तांडेल. भांडण पेटलं तर सुकाणू त्याच्याच हातात असणार होतं. सर निघाले तेव्हा आई त्यांच्या मागोमाग धक्क्यापर्यंत गेली. "सर, मिटवून या," एवढंच म्हणाली.

दुपारी सर जवळजवळ धावत परत आले. तीन अटी कबूल! फक्त झडती नको, मारणाऱ्याला ते स्वतःच आणून उभं करतील.

"म्हंजे न्हाय म्हनले," पाटील म्हणाले आणि उठले. सर एकेकापुढे हात जोडत फिरले. कुणी थांबलं नाही.

सकाळी आमच्या होड्या खाडीच्या तोंडाशी गेल्या. धक्काबुक्कीत दादा दोन होड्यांच्या मधे पाण्यात पडला. वरच्या गावची एकही होडी आली नव्हती.

बाराव्यानंतर सर आमच्याकडे आले आणि आईसमोर जमिनीवर बसले. "पलीकडे तीन अटी ऐकून लोक माना डोलवत होते," ते म्हणाले. "मी तिथेच थांबायला हवं होतं. चौथी गिळली असती, मारणाऱ्याला तेवढं आणून द्या म्हटलं असतं आणि इथे येऊन सगळं कबूल म्हणून सांगितलं असतं, तर पाटलांना भांडायला तोंडच उरलं नसतं. मला सगळं कळत होतं. तरी निरोप पुरा द्यायचा म्हणून मी ती बोललो."

आईनं त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. मग म्हणाली, "सर, तुमी खरं बोललाव. माजा पोर त्या खऱ्यापायी गेला का, येवरा मना सांगा."

 त्याच वर्षी सरांनी बदली मागून घेतली.

मला शिकवणाऱ्या माणसांत त्यांच्याइतकं कुणी आवडलं नाही. आणि दादाच्या पोरीला शाळेत सोडायला जाते तेव्हा त्यांच्याइतका राग कुणाचाच येत नाही.