निमकर सरांची अर्धी पडवी

प्रा. सदाशिव निमकर सर पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत, आणि त्यांच्याविषयी मी लिहावे असे गौरवग्रंथाच्या समितीला वाटले. मी शाळेतला मराठीचा मास्तर. ग्रीक तत्त्वज्ञान माझ्या वाट्याला आले ते सरांच्या पडवीत, चहाबरोबर.

पहिली भेट लख्ख आठवते. सर तेव्हा महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवीत, आणि आमच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धेचे परीक्षक म्हणून आले होते. मी नववीच्या मुलांना चालीवर, डोळे मिटून कविता म्हणून दाखवत होतो. माणूस मुळात निर्मळच असतो, अशा अर्थाची होती ती. डोळे उघडले तर खिडकीशी एक उंच गृहस्थ उभे. तास संपल्यावर त्यांनी हळूच विचारले, "कविता गोड आहे. पण हे कवीला कुणी सांगितलं?" मला राग आला. पण त्या दिवसापासून मी कविता डोळे उघडे ठेवून म्हणू लागलो, हेही खरे.

पुढे दहिवलीत आम्ही समोरासमोर राहायला आलो, मधे फक्त रस्ता. दर गुरुवारी संध्याकाळी सरांच्या पडवीत बैठक भरे. खोपोलीच्या कारखान्यातले निवृत्त कामगार येत, नेरळहून एक शिक्षिका येत, आणि रिकाम्या किटल्या सायकलला लटकावून नामदेव दूधवाला येई. नियम एकच. सरांनी प्रश्न विचारायचा, उत्तर आम्ही शोधायचे. विषाचा पेला घेणारा तो ग्रीक म्हातारा, त्याचा शिष्य आणि त्या शिष्याचा शिष्य, हे तिघे तिथे आळीतल्या माणसांसारखे वावरत. माणूस स्वभावाने कसा असतो, कायदा धाकाने पाळायचा की मनाने, राज्य नसते तर आपण कोण असतो, यावर चहा निवून जाई.

माझी पत्नी गेली तेव्हा मात्र सरांनी एकही प्रश्न विचारला नाही. तेरा दिवस रोज येऊन बसले. तिला शाळेतली कोणती कविता आवडायची, एवढेच एकदा विचारून ती माझ्याकडून म्हणवून घेतली. तिने लावलेला अनंत तेव्हा कुंपणाशी फुलला होता.

आता जे सांगतो ते गौरवग्रंथात शोभेल की नाही, ठाऊक नाही. पण ते गाळले तर सर कोण आहेत हेच राहून जाईल.

दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायचे ठरले. दोन्ही बाजूंनी सारखी जागा जाणार होती. सरांची निम्मी पडवी आणि माझा अनंत. चुन्याची रेघ मारायला आला तो माझाच जुना विद्यार्थी दिनेश, खालापुराकडचा. मी झाडाला टेकून उभा होतो. तो जवळ येऊन म्हणाला, "गुरुजी, रेघ दोन हात तिकडं सरकवतो. काकूंचं झाड वाचंल. कोनाला कलनार नाय." तिकडे म्हणजे सरांची उरलेली पडवी. मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. तो शुक्रवारी येतो म्हणून गेला.

मधल्या गुरुवारी सरांनी प्रश्न काढला. बोटात घातली की माणूस दिसेनासा होतो, अशी अंगठी सापडली तर सज्जन माणूस सज्जन राहील का? मी कप खाली ठेवला. नामदेव म्हणाला, "अंगठी कशाला पायजे, सर? पाटं गोठ्यात मना कोन बगतं? दुधात पानी घालाचं तं तवाच घालीन."

"म्हणजे घालतोस," कुणीतरी चिमटा काढला.

"नाय घालत. म्हस बगते ना." सगळे हसले. हसणे थांबल्यावर तो खाली बघत म्हणाला, "आन् मी बी असतोच की तिथं."

बैठक उठली, मी उठलो नाही. सरांना सगळे सांगितले. दिनेश काय म्हणाला आणि मी कसा गप्प राहिलो, तेही. सर रागावतील, निदान एखादा प्रश्न तरी विचारतील, असे वाटले होते. ते मला मागच्या दारी घेऊन गेले. तिथे तेलाच्या जुन्या डब्यात ओल्या मातीत अनंताच्या तीन फांद्या खोचलेल्या होत्या.

"सोमवारीच तुमच्या सूनबाईंकडून मागून आणल्या," सर म्हणाले. "रेघ तुमचं झाड घेणार, हे दिसतच होतं."

रेघ सरकेल, ही शंका त्यांच्या मनाला शिवलीच नव्हती. माणूस मुळात निर्मळ असतो हे कवीला कुणी सांगितले, असे विचारणारा हाच तो माणूस.

शुक्रवारी दिनेश आला. रेघ ठरल्या जागीच मार, म्हणून मी त्याला सांगितले. पुढे झाड पडताना मी घरात गेलो. सर बाहेर उभे राहिले.

तीनपैकी एक फांदी जगली. आता बैठक अर्ध्या पडवीत भरते, गुडघ्याला गुडघा लागतो, आणि दाराशी अनंताचे कमरेएवढे झाड आहे. यंदा त्याला पहिली दोन फुले आली. एक सरांनी मला दिले, ते मी पत्नीच्या फोटोला वाहिले.

सरांना उदंड, निरामय आयुष्य लाभो. हे झाड पडवीच्या छपराला टेकेल तेव्हा त्याखाली बसून त्यांनी आम्हाला नवा प्रश्न घालावा. उत्तर चुकेल कदाचित, पण आम्ही ते डोळे उघडे ठेवून देऊ.