गार्साचे नऊ दिवस

आमच्या बोका दे मांगले गावात बसमधून उतरून गार्साचं घर कुठं असं विचारलंत, तर दुकानापुढं डोमिनो खेळत बसलेल्यांपैकी कुणीतरी मान वर न करता उलट विचारतो, "जिवंत गार्साचं की मेलेल्या?" दोन्ही घरं एकच आहेत आणि त्या घरातला म्हातारा अजून रोज सकाळी स्वतः किनाऱ्यावर मासळी आणायला जातो. पण ही गंमत केल्याशिवाय आमच्याकडं पत्ता मिळत नाही. परक्याला ते अभद्र वाटतं, गार्साला वाटत नाही. माझ्या मरणाइतकं चांगलं या गावात माझ्या बाबतीत काही घडलंच नाही, असं तो म्हणतो, आणि ते तो थट्टेनं म्हणत नाही.

कागदावर त्याचं नाव राडामेस सेवेरिनो. पण या बेटावर कागदावरच्या नावानं फक्त पोलीस हाक मारतात. गार्सा म्हणजे बगळा. पाय लांब, मान पुढं आणि खाजणाच्या चिखलात तासन्‌तास एका जागी उभं राहायची सवय, त्यामुळं हे नाव त्याला लहानपणीच चिकटलं. बाप लवकर गेला. आई फेमा, जिला सगळे मानानं दोन्या फेमा म्हणायचे, बेसबॉलच्या मैदानाच्या फाटकाशी तळलेली मासळी आणि मैद्याच्या पुऱ्या विकायची. पोरगं मैदानातच वाढलं म्हटलं तरी चालेल.

बॅट चालवणं त्याला कधी जमलं नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पण मैदानाच्या पार टोकाला, कुंपणाच्या अलीकडं, सेंटर फिल्डला उभा राहिला की त्याच्यासारखा तोच. टोल्याचा आवाज कानावर आला की तो चेंडूकडं सरळ पाठ फिरवायचा आणि पळत सुटायचा. वर बघायचाच नाही. बाकीचे आउटफिल्डर माना वर करून धडपडत असायचे आणि हा बाजाराला निघाल्यासारखा एका ठरलेल्या जागी जाऊन थांबायचा, मान वळवायचा आणि ग्लोव्ह वर करायचा. चेंडू तिथंच यायचा. कसं कळतं, असं विचारलं की त्याला सांगता यायचं नाही, उलट तो लाजायचा.

सतराव्या वर्षी एका अमेरिकन क्लबाचा माणूस त्याला घेऊन गेला. तिकडं त्यानं चार उन्हाळे काढले, ज्यांना तो आजही हिवाळेच म्हणतो. वळणारा चेंडू काही त्याच्या बॅटला सापडला नाही आणि एका सकाळी त्यांनी त्याच्या हातात परतीचं तिकीट ठेवलं. गावाला तोंड कसं दाखवायचं, या विचारानं तो विमानात रडवेला झाला होता. आईनं फाटकाशीच त्याच्यापुढं ताटली सरकवली आणि म्हणाली, "बरं झालं आलास. तिथं तुला मासळी कोण तळून घालणार होतं?"

मग तो आमच्या 'खेकडे' संघात आला आणि अकरा हंगाम तिथंच राहिला. हिवाळी लीगमध्ये आमचा संघ कधी मोठा नव्हता. पण दर नाताळाच्या सुमाराला गार्सा असा एखादा झेल घ्यायचा की तो ईस्टरपर्यंत बोलायला पुरायचा. त्याच्या डाव्या हाताला उभा राहायचा नेल्फी, न्हावी कुकोचा मुलगा. त्याला गार्सानंच तयार केलं होतं. कुकोचं दुकान मैदानासमोर होतं आणि कुको म्हणजे गार्साचा जिवाभावाचा मित्र. गार्साची दाढी दुसऱ्या कुणी केलेली त्याला खपायची नाही.

घोटाळा झाला तो लग्नानं. गार्साची बायको योकास्ता सेर्रो अल्तोची, आणि सेर्रो अल्तो म्हणजे 'कोंबडे' संघाचं गाव. आमची आणि त्यांची आजोबांच्या वेळेपासून अशी खुन्नस की त्यांच्या गावचा पाव आमच्याकडं कुणी खात नाही. तरी लग्न गावानं पोटात घातलं. पण अकराव्या हंगामानंतर खेकड्यांच्या मालकानं चेंडू टाकणाऱ्या दोन पिचरांच्या बदल्यात गार्साला कोंबड्यांना देऊन टाकलं. त्याला कुणी विचारलं नाही, खेळाडूला कोण विचारतो? गावानं मात्र सगळा राग मालकावर न काढता त्याच्यावर काढला. घरजावई, असं पोरं त्याला रस्त्यात म्हणू लागली. एकटा कुको म्हणाला, "पोटासाठी जातोय तो. गप बसा."

त्याच वर्षी अंतिम फेरीत खेकडे आणि कोंबडे समोरासमोर आले. शेवटचा सामना आमच्या मैदानावर, शेवटचा डाव. आमचे दोन गडी बाद, तिसरा गेला की सामना संपला, एक जण बेसवर, आम्ही एका धावेनं मागं आणि बॅट नेल्फीच्या हातात. नेल्फीनं असा टोला मारला की सगळं मैदान बसल्या जागेवरून उठलं. बाहेर दोन्या फेमाच्या गिऱ्हाइकांनी हातातल्या पुऱ्या टाकून दिल्या. चेंडू कुंपणापलीकडं, खाजणात जाणार आणि दोन धावांनिशी विजेतेपद आमचं होणार, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

गार्सानं पाठ फिरवली होती. त्या कुंपणाची एक फळी आत दबते, तिच्यावर पाय दिला तर माणूस हातभर उंच होतो, हे अकरा वर्षं तिथं उभं राहून त्याला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणा कोंबड्याला ते ठाऊक असणं शक्य नव्हतं. त्यानं पाय दिला, हात वर केला आणि चेंडू ग्लोव्हमध्ये आला. खाली उतरला तेव्हा त्याच्या गावचं मैदान इतकं गप्प होतं की खाजणातले पक्षी ऐकू येत होते.

आईला भेटायलाही मिळालं नाही. पोलिसांनी कोंबड्यांची बस मागच्या रस्त्यानं काढली. दुसऱ्या दिवशी सेर्रो अल्तोत रीतीप्रमाणे हरलेल्या संघाची प्रेतयात्रा निघाली. काळी शवपेटी, तिच्यावर रंगवलेला खेकडा, पुढं ढोल, मागं खोटं खोटं रडणाऱ्या बाया. हे आम्हीही करतो, जिंकलो की. पण सासऱ्यानं, डॉन तुलिओनं, शवपेटीचा पुढचा दांडा जावयाच्या खांद्यावर दिला. नको म्हणायची सोय नव्हती. त्याचा फोटो वर्तमानपत्रात आला, आणि त्या फोटोत गार्सा हसतोय असं दिसतं. तो हसत नव्हता, उन्हानं त्याचे डोळे बारीक झाले होते. पण हे गावाला कोण समजावणार?

त्या काळी फोन फक्त दुकानात. गार्सानं फोन करून आईला बोलवा म्हटलं, तर दुकानदार म्हणाला, "कोण बोलतोय?"

"अरे, मी गार्सा."

"गार्सा वारला. त्याची आई शोकात आहे, फोनवर येत नाही," असं म्हणून दुकानदारानं फोन ठेवला.

 पुढचे दिवस गार्सानं सासरी माडीवर काढले. दाढी केली नाही, धड जेवला नाही. सासरचे त्याला खांद्यावर घेऊन नाचत होते आणि त्याला फक्त फाटकाशी बसलेली आई दिसत होती. तिच्याकडून आता कोण पुरी घेणार? या वयात तिला गावात वाळीत टाकलं तर ती जाणार कुठं? आणि कुको? त्याच्या पोराच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा टोला आपण त्याच्या डोळ्यांदेखत काढून घेतला. हात जरा आखडता घेतला असता तर कुणाला कळलंही नसतं. रोज तोच विचार. तसा हात आखडता घ्यायला त्याला जमलंच नसतं, पण हे त्याचं त्यालाही खात्रीनं सांगता येईना.

शेवटी योकास्तानंच त्याचे बूट दारात आणून ठेवले. ती म्हणाली, "जा. मारलंच त्यांनी तर निदान आईच्या दारात मरशील. इथं माडीवर रोज मरतोयस ते मला बघवत नाही."

तो नवव्या दिवशी दुपारी गेला. रस्त्यानं जायची हिंमत नव्हती, म्हणून खाजणातून, गुडघाभर चिखलातून, मागच्या बाजूनं. घराजवळ आला तर अंगणातून माणसांचा आवाज. परसातल्या चुलीशी दोन्या फेमा मासळी तळत होती, डोक्यापासून पायांपर्यंत काळ्या कपड्यांत. तिनं वळून पाहिलं, पण झारा काही खाली ठेवला नाही.

"मागच्या दारानं का? चोरी केलीयस का कुणाची?"

"आई, हे काय चाललंय? तू काळं का घातलंयस?"

"पोरगा मेल्यावर आई काय लाल घालते? हळू बोल. बाहेर तुझा नववा दिवस चाललाय."

मग तिनं जे सांगितलं ते ऐकून गार्सा चुलीशेजारी मटकन बसला. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी गावातली दहा-बारा टगी मंडळी मासळीच्या खोक्यांची एक शवपेटी घेऊन तिच्या दारात आली होती. आत गार्साचा खेकड्यांचा जुना शर्ट. शिव्या द्यायच्या, शवपेटी दारात टाकायची आणि जायचं, एवढाच बेत होता. फेमा आत गेली, नवरा गेला तेव्हाचा काळा पोशाख घालून बाहेर आली, शवपेटीच्या उशाशी खुर्ची टाकून बसली आणि म्हणाली, मेलाय ना, मग रीतसर होऊ दे. तिनं सगळ्यांना आल्याचा चहा दिला. आता आमच्याकडं मेल्या माणसाचे नऊ दिवस प्रार्थना असते, आणि त्या नऊ दिवसांत त्याच्या दारात बसून त्याच्याबद्दल वाईट बोलायचं नसतं. बोललं तर मेलेला बोलणाऱ्याच्या घरी मुक्कामाला येतो. शिव्या द्यायला आलेली माणसं चहाचे कप हातात घेऊन एकमेकांकडं बघत राहिली. आईच समोर बसलेली, करतात काय? कुणीतरी खाकरला आणि म्हणाला, त्या पावसातला त्याचा झेल आठवतो का. बस्स, तिथून जे सुरू झालं ते थांबेना.

"रोज यायला लागले रे," फेमा म्हणाली. "सगळे झेल काढून झाले. जे कधी घेतलेच नाहीस तेही घेतलेस. आणि खाऊन खाऊन माझी मासळी संपवतायत."

गार्सानं विचारलं, "आणि कुको?"

तिनं झारा खाली ठेवला. कुको पहिल्या दिवसापासून येतोय, ती म्हणाली. कोपऱ्यात बसतो, चहा घेतो, उठून जातो. तोंड काही उघडत नाही. आज शेवटचा दिवस, त्यामुळं सगळे त्याच्याकडंच बघतायत.

गार्सा फळ्यांच्या भिंतीला कान लावून बसला. बाहेर प्रार्थना संपली, कप वाजले आणि बऱ्याच वेळानं कुकोचा आवाज आला.

"मला बोलायचं नव्हतं," कुको म्हणाला. "पण आज नाही बोललो तर राहून जाईल. तो टोला बसला तेव्हा मी उठून शेजारच्याला मिठी मारली होती. गेला म्हटलं चेंडू. मग बघतो तर हा कुंपणावर. त्या दिवशी हातात वस्तरा असता तर सांगता येत नाही काय केलं असतं."

कुणीतरी हसलं. कुको हसला नाही.

"पण मग मनात आलं, यानं हात चार बोटं आखडता घेतला असता तर? तुम्हाला कुणाला कळलं नसतं. मला कळलं असतं. इतकी वर्षं मी दुकानाच्या दारातून त्याला बघतोय. आपण जिंकलो असतो, तुम्ही माझ्या पोराला खांद्यावर घेऊन नाचला असता, आणि हा टोला मित्राच्या पोराला घातलेली भीक आहे हे मला जन्मभर पोटात ठेवून हसावं लागलं असतं. नेल्फीच्या प्रत्येक टोल्याला मी तेच म्हटलं असतं. त्यानं तसं केलं नाही. माझ्या पोराचा टोला इतका मोठा होता की तो अडवायला गार्सा लागला. दुसऱ्या कुणाच्या हातून झाला नसता. त्यानं तो सोडला असता ना, तर मी त्याला खरंच पुरलं असतं. एवढंच."

 गार्सानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि लहान मुलासारखा रडला. नऊ दिवस छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला केला होता, आणि आता श्वास किती घ्यावा तेच त्याला कळेना. फेमानं त्याच्या डोक्यावर एक टपली मारली. म्हणाली, "ऊठ. पाहुणे बसलेत तुझे."

तो बाहेर आला तेव्हा गुडघ्यांपर्यंत चिखल, डोळे लाल, दाढी वाढलेली. एका म्हातारीनं खरोखरच छातीवर क्रूसाची खूण केली. बाकीचे खुर्च्यांवरून अर्धवट उठून तसेच राहिले, कारण मेलेला माणूस नवव्या दिवशी परत आला तर काय म्हणायचं हे कुणाला ठाऊक नव्हतं. गार्सालाही ठाऊक नव्हतं. तो आपल्याच शवपेटीशेजारी उभा राहून कुकोकडं बघत होता.

कुकोनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"याची दाढी कुणी केली नाही?" तो बाकीच्यांना म्हणाला. "असा पाठवणार होता होय याला देवाकडं? माझी हजामतीची पेटी आणा."

अंगणाच्या मधोमध खुर्ची ठेवली. फेमानं गरम पाणी दिलं. कुकोनं गार्साच्या गळ्याभोवती पांढरं फडकं बांधलं, साबण लावला, वस्तरा पट्ट्यावर ओढला आणि म्हणाला, "मान वर." गार्सानं मान वर केली. थंड पातं गळ्याला टेकलं तसे सगळे जागच्या जागी थांबले. ज्याच्या पोराचं विजेतेपद गार्सानं हिसकावलं होतं, त्याच्या हातात आता गार्साचा गळा होता.

पातं हनुवटीपर्यंत आलं, कानाकडं वळलं. कुकोनं हात थांबवला, खाली वाकून पाहिलं आणि दुसरा हात वर करून अंगणाला गप्प केलं.

"कुणी आवाज करू नका," तो हळूच म्हणाला. "झोपलाय."