वैरागहून आलेली साडी

मी घरी बसून लिहिते. वेबसाइटना मजकूर लागतो, तो पुरवते. गुडघेदुखीवर, सोफ्याच्या कापडावर, परीक्षेच्या ताणावर, स्वित्झर्लंडला कधी जावं यावर. स्वित्झर्लंडला मी गेलेले नाही आणि आमच्या घरात सोफाही नाही. लेखाखाली माझं नाव नसतं. सुरुवातीला त्याचं वाईट वाटायचं, आता ते सोयीचं वाटतं. या कामावर घराचा किराणा आणि मुलीची शाळा चालते. गल्लीत मात्र मी 'दिवसभर फोन घेऊन बसणारी' म्हणूनच ओळखली जाते.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांचं माहेर वैराग, इथून सोलापूरहून एसटीनं तास-दीड तासावर. मी काय काम करते, हे त्यांनी एकदाच विचारलं होतं. मी सांगितलं, लोक फोनवर जे शोधतात त्याची उत्तरं लिहिते.

"तुला म्हाईत असतंय व्हय ते सगळं?"

"नसतं. शोधून लिहिते."

"मग त्येंनीच शोधावं की," म्हणाल्या आणि कणीक मळायला गेल्या.

त्यानंतर हा विषय आमच्यात निघाला नाही. तसे आमच्यात फारसे विषय निघतच नाहीत. लग्नाला चौदा वर्षं झाली. भांडण म्हणावं असं एकही झालं नाही आणि जवळीक म्हणावी असंही काही नाही. एका स्वयंपाकघरात एकमेकींच्या पायात न येता वावरतो, एवढंच.

मध्यंतरी एका खाद्यपदार्थांच्या वेबसाइटचं काम मिळालं. आपापल्या भागातली पाककृती लिहायची होती. सोलापूरचं म्हटल्यावर शेंगा चटणी आलीच. मी आत्याबाईंची चटणी लिहून पाठवली: शेंगदाणे किती भाजायचे, लसूण किती, उखळात तेल सुटेपर्यंत कसं कुटायचं. पुण्याच्या संपादिकेचा फोन आला. माझ्याहून लहान मुलगी, पण कामात चोख.

"ताई, रेसिपी सगळ्यांकडे असते. वाचकाला गोष्ट पाहिजे. ही कोणाची चटणी?"

"सासूबाईंची."

"आहेत का त्या?"

"आहेत. आत लसूण सोलतायत."

ती म्हणाली, "गेलेल्या माणसाची आठवण असली ना, की लेख जास्त वाचला जातो. बघा जमलं तर. आणि एक फोटो पाठवा."

मला जमलं. दहा मिनिटांत जमलं. 'आत्याबाई गेल्या आणि घरातलं उखळ मुकं झालं. त्यांच्या हातची चटणी मी चौदा वर्षं खाल्ली, पण छान झालीय असं त्यांना एकदाही म्हणाले नाही. ते सांगायचं राहूनच गेलं.' असं लिहिलं तेव्हा आत्याबाई माझ्यापासून चार पावलांवर बसल्या होत्या आणि लसणीची सालं पंख्यानं माझ्या टेबलाखाली येत होती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सोफ्याबद्दल लिहिते तसंच हे लिहिलं. कोण वाचणार होतं? त्यांचा उखळापाशी बसलेला एक फोटो फोनमध्ये होता, तो जोडला आणि पुढच्या कामाला लागले.

वेबसाइटवाल्यांनी तो फोटो काळा-पांढरा केला. ही गोष्ट मला नंतर कळली.

लेख आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे पाणी होतं. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि त्या दोन तासांत घरातल्या कुणाला दुसरं काही सुचत नाही. आत्याबाई चटणी कुटत होत्या. नळ आल्याचं ऐकून त्या उखळ तसंच टाकून उठल्या, बॅरल भरलं की येऊन चार घाव घालायच्या, पुन्हा उठायच्या. मी आत हंडे भरत होते. माझा फोन आवाज बंद करून चार्जिंगला लावला होता, आत्याबाईंचा कपाटात होता, आणि नवरा कामावर होता, तिथं फोन गेटवरच जमा करून घेतात.

मामा, म्हणजे आत्याबाईंचे धाकटे भाऊ, फाटकातून आले तेव्हा आत्याबाईंच्या हातात पाइप होता. मामांचे डोळे सुजले होते. एका हातात टोपी, दुसऱ्या हातात कापडाच्या दुकानाची पिशवी. बहिणीला बघून ते जागच्या जागी उभे राहिले.

"आलास व्हय? हुबा का ऱ्हायलास? ही पाइप धर, मी त्या बॅरलचं बघते."

मामांनी पाइप धरला आणि ढसाढसा रडायला लागले.

उलगडा व्हायला वेळ लागला. वैरागच्या कुणा नातीनं तो लेख नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. फोटो काळा-पांढरा, वर 'आठवणीतली चटणी'. आत कोण वाचतंय? एकानं हात जोडले, दुसऱ्यानं 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं, मग रांगच लागली. मामांनी आम्हा सगळ्यांना फोन लावले, कुणी उचलला नाही. मग त्यांनी सकाळी सकाळी कापडाचं दुकान उघडायला लावलं आणि एसटी पकडली.

पिशवीत साडी होती. बाईला शेवटची साडी माहेरची लागते, ती नेसवायला भाऊच आणतो. आत्याबाईंनी पिशवीत डोकावून बघितलं. कळायला त्यांना क्षणही लागला नाही.

"दोन दिवाळ्या झाल्या, तुझी साडी आली न्हाय," त्या म्हणाल्या. "मेले तर कशी लगेच आली!"

मामा रडता रडता हसले. "खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतंय, आक्का."

"व्हय, वाढतंय. चल, आता जेव."

मी आत जाऊन संपादिकेला मेसेज केला: लेख आत्ताच्या आत्ता काढा. तिचं उत्तर लगेच आलं. 'ताई, कशाला? खूप चाललाय. लोक रडतायत.' मी फोन उलटा ठेवला. ग्रुपवर नवऱ्याच्या नावानं काहीतरी खुलासा टाकावा, कुणीतरी चावटपणा केलाय म्हणावं, असं मनात जुळवत होते. वाक्यं जुळवणं हा माझा धंदाच आहे.

जेवायला बसलो. भाकरी, पिठलं, कांदा आणि त्या सकाळी कुटलेली चटणी. मामांना आता राग चढला होता.

"कोन मुडदा हाय ह्यो लिवणारा? घावू दे एकदा. हात झडलं पायजेत त्येचं."

आत्याबाई मामांच्या ताटात भाकरी टाकत म्हणाल्या, "आसं बोलू नगं. त्येच्याबी घरी पोरंबाळं असतील. पोटासाठी लिवलं आसंल कुणीतरी."

चौदा वर्षांत त्या माझी बाजू घेऊन कधी बोलल्या नव्हत्या. आज बोलल्या, तेही मला न ओळखता. मला लाज वाटली.

"मी लिहिलंय," मी म्हणाले.

मामांचा हात ताटात थांबला. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं, पण चेहऱ्यावरून काही कळेना.

"वाच," त्या म्हणाल्या.

मी फोन आणला. गोष्ट सोडून खालची कृती वाचायला घेतली, तेवढीच टाळाटाळ. शेंगदाणे, तिखट, लसूण, एक चमचा साखर.

"साखर?"

"ती मी नाही लिहिली. तिकडं घातली त्यांनी."

मी पुढं वाचलं. मिक्सरमध्ये दोन मिनिटं फिरवा.

"आन् मिक्सर?"

"तोही त्यांचाच."

"म्हंजी मला मारलं तेवढं तुझं," आत्याबाई म्हणाल्या. "आता वरचं वाच."

मग वरचं वाचावं लागलं. उखळ मुकं झालं, हे वाक्य त्यांनी मान खाली घालून ऐकलं. 'छान झालीय असं त्यांना एकदाही म्हणाले नाही' इथं आल्यावर मी अडखळले. लिहिताना काहीच झालं नव्हतं. ते वाक्य कसंबसं संपवलं.

"खरं हाय ह्ये? का पोटासाठी लिवलंस?"

इतक्या वर्षांत माझ्या लिहिण्याबद्दल हा प्रश्न मला कुणीच विचारलेला नव्हता, संपादकांनी नाही की वाचकांनी नाही. पोटासाठीच लिहिलं होतं. पण चौदा वर्षं मनात मोजली, आणि खरंच एकदाही म्हणाले नव्हते.

"खरं आहे," मी म्हणाले.

"ह्यानं साडी आणली, तू गुण गायलीस," त्या म्हणाल्या. "दोगंबी मी मरायची वाट बघत हुता व्हय? एवढं सांगायला मला मारायचं काय काम हुतं?"

आवाज चढला नव्हता. भाजीवाल्याला भाव विचारावा तसं विचारलं. मामांनी पिशवीकडं हात नेला आणि पुटपुटले, की ही साडी घरात ठेवायची नसते, दुकानात परत देतो. आत्याबाईंनी पिशवी ओढून मांडीवर घेतली.

"ऱ्हाऊ दे. दोन दिवाळ्यांची हाय ती."

मी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला आणि खाल्ला. मग म्हणाले, "आत्याबाई, चटणी छान झालीय."

त्यांनी आपल्या ताटातली चिमूटभर जिभेवर ठेवली. "पाण्याच्या गडबडीत मीठ दोनदा पडलंय," म्हणाल्या. "आज छान म्हणायजोगी न्हाय ती."

मीठ खरंच जास्त होतं. मी आणखी घेतली.